भर दुपारी एफ/१.४

साडेबाराचा मुहूर्त. अक्षता पडून वाजंत्री थांबते आणि पंगत बसायच्या आत नवरा-नवरीला कार्यालयाबाहेरच्या आवारात फोटोसाठी आणलं जातं. वैशाखातलं ऊन. कॅमेऱ्यावर ८५ मिमीची, एफ/१.४ पर्यंत उघडणारी लेन्स. नवरीचा भाऊ शेजारी येऊन सांगतो, "दादा, मागचं सगळं ब्लर आलं पाहिजे." मागे रांगेने लावलेल्या गाड्या आहेत, केटररचा टेम्पो आहे, पाण्याचे जार आहेत, त्याचं म्हणणं रास्तच आहे. अपर्चर पूर्ण उघडलं, आयएसओ १०० वर आणला, शटर १/८००० ला जाऊन थांबलं आणि स्क्रीनवरचा आकडा लुकलुकायला लागला. एवढं करूनही प्रकाश जास्तच आहे, असं कॅमेरा सांगतोय.

अशा वेळी न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर लाव, असा सल्ला हमखास मिळतो. फोटोग्राफर त्याला नुसतं 'एनडी' म्हणतात. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. एनडी किती स्टॉपचा लावायचा, कोणत्या कामाला तो लागतोच आणि कुठे त्याची गरजच नसते, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी लागणारा हिशेब बोटांवर होतो, आणि तो केल्याशिवाय फिल्टर विकत घेऊ नये असं माझं मत आहे.

फिल्म वापरणाऱ्या पिढीला एक नियम पाठ असायचा. निरभ्र आकाश आणि स्वच्छ ऊन असेल तर अपर्चर एफ/१६ ठेवायचं आणि शटर स्पीड फिल्मच्या आयएसओइतका. म्हणजे आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद. 'सनी सिक्स्टीन' या नावाने तो आजही शिकवला जातो आणि डिजिटल कॅमेऱ्यालाही तसाच लागू पडतो, कारण सूर्य तोच आहे. आता एफ/१६ पासून अपर्चर उघडत जाऊ: ११, ८, ५.६, ४, २.८, २, १.४. सात पायऱ्या झाल्या. प्रत्येक पायरीला, म्हणजे स्टॉपला, प्रकाश दुप्पट होतो. सात वेळा दुप्पट म्हणजे १२८ पट. तेवढंच शटर जलद करायचं तर १/१०० चा १/१२८०० होतो. बहुतेक कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर १/८००० ला संपतं, स्वस्त मॉडेलांचं १/४००० ला. म्हणजे पहिल्या कॅमेऱ्यात आपण पाऊण स्टॉपच्या आसपास कमी पडतो आणि दुसऱ्यात पावणेदोनच्या. खाली पांढरी फरशी किंवा किनाऱ्यावरची वाळू असेल तर परावर्तित उजेडाची आणखी थोडी भर पडते.

एवढीच ही तूट आहे, एक ते दोन स्टॉपची. दुकानात एनडी मागितला की पुष्कळदा समोर येतो दहा स्टॉपचा फिल्टर. धबधब्याचं पाणी दुधासारखं दाखवायला किंवा समुद्राच्या लाटांचं धुकं करायला तो उत्तम. भर उन्हातल्या पोर्ट्रेटसाठी तो लावला तर १/१२८०० चा थेट १/१२ सेकंद होईल आणि हातातल्या कॅमेऱ्याने चेहरा हललेला येईल.

काही कॅमेऱ्यांत आयएसओ ५० ची सोय असते आणि एक स्टॉप तिथून मिळेल असं वाटतं. बहुतेक कॅमेऱ्यांत ही विस्तारित श्रेणी असते. सेन्सरची मूळ संवेदनशीलता बदलत नाही. कॅमेरा एक स्टॉप जास्त प्रकाश घेतो आणि नंतर चित्र तेवढंच गडद करून देतो, त्यामुळे उजळ भागातला तपशील एक स्टॉप आधीच संपतो. नवऱ्याचं पांढरं उपरणं आणि नवरीच्या कपाळावरची उन्हाची चमक या दोनच जागा अशा फोटोत सगळ्यात नाजूक असतात, आणि नेमक्या त्याच फटक पांढऱ्या होतात.

मुळात अपर्चर उघडायचं ते कशासाठी, याकडे जरा नीट पाहू, कारण इथली भूमिती फार सुंदर आहे. लेन्सच्या फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागलं की अपर्चरचा व्यास मिळतो. ८५ मिमीच्या लेन्सवर एफ/१.४ म्हणजे साधारण ६० मिमी व्यासाचं भोक, एफ/२.८ म्हणजे ३० मिमी, एफ/१६ म्हणजे जेमतेम ५ मिमी. आता खूप लांबच्या एका बिंदूचा विचार करा, समजा क्षितिजाजवळच्या एखाद्या गाडीच्या काचेवरची तिरीप. तिथून येणारे किरण आपल्यापर्यंत समांतर पोचतात, आणि त्यांतला अपर्चरच्या व्यासाएवढाच झोत आत शिरतो. हा झोत वाटेत नवरीच्या चेहऱ्याच्या पातळीतून जातो तेव्हाही त्याची जाडी तेवढीच असते. म्हणून फोटोत त्या बिंदूची जी धूसर चकती उमटते, ती चेहऱ्याच्या मापाने अपर्चरच्या व्यासाएवढी असते. एफ/१.४ ला ६० मिमी, म्हणजे डोळ्यापासून ओठापर्यंतच्या अंतराएवढी. एफ/१६ ला ५ मिमी, म्हणजे टिकलीएवढी. टेम्पोच्या पाठीवर लिहिलेला फोन नंबर पहिल्या फोटोत नाहीसा होतो, दुसऱ्यात बराचसा वाचता येतो.

पण हीच भूमिती दुसऱ्या बाजूनेही लागू होते. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स आणि दोन मीटर अंतर असेल तर एफ/१.४ ला स्पष्ट दिसणारी जाडी सुमारे साडेचार सेंटिमीटर येते. नवरीच्या कपाळावरून दोन्ही बाजूंना मुंडावळ्या उतरतात. मान थोडी वळलेली असली की त्यांचे मोती डोळ्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर पुढे येतात, आणि फोकस त्यांच्यावर बसला तर मोती कोरल्यासारखे येतात, डोळा मऊ पडतो. कॅमेऱ्याची डोळा ओळखणारी यंत्रणा चालू असली तरी लटकत्या, चमकत्या मोत्यांपाशी ती अधूनमधून फसते, म्हणून प्रत्येक दोन-चार फोटोंमागे एकदा मोठं करून पाहणं बरं. दोघांचा एकत्र फोटो असेल तर गणित आणखी कडक होतं. तीन मीटरवरून एफ/१.४ ला दहा सेंटिमीटर मिळतात. नवरा अर्धं पाऊल मागे उभा असेल तर तो धूसरच येणार. एफ/२.८ ला तेच दहाचे वीस सेंटिमीटर होतात, दोन चेहरे सुखाने बसतात, आणि मागचा टेम्पो ३० मिमीच्या चकत्यांत तरीही बऱ्यापैकी विरघळतो.

आता एफ/२.८ चा हिशेब मांडून पाहा. एफ/१६ पासून पाच स्टॉप, म्हणजे १/३२००. हा वेग स्वस्त कॅमेऱ्याच्या यांत्रिक शटरलाही जमतो. जोडीचा फोटो, भर ऊन, मागे छान ब्लर, आणि एनडीची काडीचीही गरज नाही.

सावलीचंही तसंच. आवारात आंब्याचं किंवा चिंचेचं झाड असेल आणि डोक्यावर आकाश मोकळं असेल, तर त्या सावलीत उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉप कमी प्रकाश असतो. तिथे एफ/१.४ ला शटर १/१६०० च्या आसपास येतं. शिवाय तो प्रकाश मऊ असतो. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली आणि हनुवटीखाली काळ्या सावल्या पडतात, आणि कुठलाही फिल्टर त्यांना हात लावू शकत नाही. एनडी प्रकाशाचं प्रमाण कमी करतो, त्याचा स्वभाव बदलत नाही. तो ऊन आणि सावली दोन्ही सारख्याच पटीत घटवतो, त्यामुळे त्यांच्यातला फरक जिथल्या तिथे राहतो. जोडी सावलीत आणि मागचं आवार उन्हात असेल तर आवार एनडीशिवाय जितकं जळतं तितकंच एनडी लावूनही जळेल. झाड असेल तर आधी झाडाखाली जावं, हे मी आग्रहाने सांगेन.

मिररलेस कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर असतं, ते १/१६००० किंवा १/३२००० पर्यंत जातं, आणि एफ/१.४ ची तूट तेही भरून काढतं. स्तब्ध उभ्या माणसासाठी ते चांगलं आहे. मात्र सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्यामुळे वेगाने हलणारी गोष्ट तिरकी येते, एलईडीच्या उजेडात आडवे पट्टे येतात आणि बहुतेक कॅमेऱ्यांत त्या शटरवर फ्लॅश चालत नाही. आणखी एक बारीक गोष्ट आहे. 'इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन' ही पद्धत अनेक कॅमेऱ्यांत आधीपासून चालू असते. तिच्यात शटर खूप जलद आणि अपर्चर पूर्ण उघडं असं एकत्र आलं की मागच्या उजेडाच्या गोल चकत्या एका बाजूने कापल्यासारख्या येतात. म्हणजे ज्या ब्लरसाठी एवढा खटाटोप केला तोच बिघडतो. अशा वेळी पूर्ण यांत्रिक शटर निवडावं, किंवा तीन स्टॉपचा एनडी लावून वेग १/१६०० च्या जवळ आणावा.

मग एनडी खरा लागतो कुठे? फ्लॅशला आणि व्हिडिओला.

त्याआधी फिल्टरवरच्या आकड्यांची ओळख. एनडी म्हणजे लेन्सला घातलेला गॉगल, फक्त त्याने कोणत्याही रंगाची बाजू न घेता सगळ्यांना सारखं अडवायचं असतं. त्याची ताकद कंपन्या तीन पद्धतींनी लिहितात आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. पहिली पद्धत पटीची: एनडी८ म्हणजे प्रकाशाचा आठवा भाग आत येतो, एनडी६४ म्हणजे चौसष्टावा. दुसरी सरळ स्टॉपची: एनडी८ म्हणजे तीन स्टॉप, एनडी६४ म्हणजे सहा, कारण दोन हा आकडा सहा वेळा गुणला की चौसष्ट होतात. तिसरी घनतेची: ०.३ म्हणजे एक स्टॉप, ०.९ म्हणजे तीन, १.८ म्हणजे सहा. हा ०.३ येतो कुठून, तर दोनचा दहाच्या पायावरचा लॉगरिदम ०.३०१ आहे. दोन फिल्टर एकावर एक लावले तर पटीचे आकडे गुणायचे, स्टॉप आणि घनता मिळवायच्या. एनडी८ वर एनडी६४ लावला की एनडी५१२ होतो, म्हणजे नऊ स्टॉप.

आता फ्लॅश. बहुतेक कॅमेऱ्यांच्या शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडतो, दुसरा त्याच्या मागून सरकून तो झाकतो. वेग १/२०० किंवा १/२५० पर्यंत असतो तोवर एक क्षण असा येतो की संपूर्ण सेन्सर उघडा असतो, आणि फ्लॅश त्या क्षणी चमकतो. याहून जलद वेगाला पहिला पडदा पूर्ण पोचायच्या आतच दुसरा निघतो. सेन्सरवरून एक फट फिरत जाते. फ्लॅशची चमक अतिशय थोड्या वेळाची असल्यामुळे त्या क्षणी फट जिथे असेल तेवढाच पट्टा उजळतो, बाकी फोटो काळा राहतो. या मर्यादेला 'सिंक स्पीड' म्हणतात.

भर उन्हात जोडीची पाठ सूर्याकडे केली की चेहऱ्यांवरच्या काळ्या सावल्या जातात, केसांना उन्हाची किनार मिळते, पण चेहरे अंधारतात. ते उजळायला फ्लॅश हवा. फ्लॅशला १/२०० हवं. उन्हात आयएसओ १०० आणि १/२०० ला अपर्चर येतं एफ/११. आपल्याला मात्र एफ/२ हवंय. अकरापासून दोनपर्यंत पाच स्टॉप: ८, ५.६, ४, २.८, २. म्हणजे एनडी३२. मागचं आवार उन्हाच्या नेहमीच्या उजेडापेक्षा एक स्टॉप गडद ठेवलं तर आकाशात रंग राहतो आणि चेहरे उठून दिसतात. त्यासाठी सहा स्टॉप, एनडी६४. माझ्या मते बाहेरच्या पोर्ट्रेटसाठी एकच एनडी घ्यायचा असेल तर तो हा सहा स्टॉपचा घ्यावा.

"हाय स्पीड सिंक आहे की, मग एनडी कशाला?" असं कुणी विचारेल. प्रश्न बरोबर आहे. त्या पद्धतीत फ्लॅश एकदाच चमकण्याऐवजी फट फिरत असेपर्यंत बारीक बारीक चमका सलग देत राहतो. फट जितकी अरुंद तितका त्यातला जास्त उजेड बंद पडद्यावर आपटून वाया जातो. नेहमीच्या चमकेच्या तुलनेत साधारण दोन स्टॉपची ताकद जाते, कधी त्याहून जास्त, शिवाय फ्लॅश तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. उन्हाशी बरोबरी करायला आधीच जिथे फ्लॅशची दमछाक होते, तिथे हे दोन स्टॉप फार महाग पडतात. एनडी लावून १/२०० वर राहिलं की पूर्ण ताकद हाताशी राहते.

इथे एक गैरसमज नेहमी ऐकू येतो: एनडी उन्हाबरोबर फ्लॅशचाही उजेड अडवतो, मग फ्लॅश आणखी जोरात मारावा लागणार. अडवतो हे खरं. पण आपण त्याच वेळी अपर्चर तेवढंच उघडलेलं असतं. एफ/२ वर एनडी३२ लावून फ्लॅशला जेवढं काम पडतं, तेवढंच ते एफ/११ वर फिल्टरशिवाय पडतं. कमीही नाही, जास्तही नाही. ऊन आणि फ्लॅश यांचं आपसांतलं प्रमाण सिंक स्पीडवर ठरून जातं, एनडी ते बदलत नाही. म्हणून फ्लॅश पुरेल का, हे पाहायचं तर एफ/११ धरूनच पाहावं. फ्लॅशची ताकद सांगणारा, मीटरमध्ये मोजलेला गाइड नंबर ६० असेल तर भागिले ११, साडेपाच मीटर. सॉफ्टबॉक्सने दोन स्टॉप खाल्ले तर हे अंतर निम्म्यावर येतं. शिवाय छापील गाइड नंबर फ्लॅशचं डोकं झूमच्या टोकाला असतानाचा असतो, तेव्हा प्रत्यक्षात मदतनिसाला सॉफ्टबॉक्स घेऊन दोन मीटरच्या आतच उभं करावं लागतं.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा. कॅमेरा मॅन्युअलवर, १/२००, आयएसओ १००, एफ/२, फिल्टर चढवलेला, फ्लॅश बंद. एक फोटो काढून मागचं आवार हवं तितकं गडद आहे का पाहायचं. चेहरे काळे दिसतील, दिसू द्यावेत. मग फ्लॅश चालू करून त्याची ताकद चेहरा नीट येईपर्यंत वाढवायची. टीटीएल वापरत असाल तर मापन लेन्समधूनच होत असल्याने फिल्टरचा हिशेब आपोआप धरला जातो. हातातल्या मीटरवर मात्र सहा स्टॉप स्वतः वजा करावे लागतात. मिररलेस कॅमेऱ्यात एक्स्पोजरचा पूर्वदर्शन पर्याय बंद करायला विसरू नये, नाहीतर व्ह्यूफाइंडरमध्ये चेहरे काळेच दिसत राहतात आणि भाव टिपता येत नाही.

ज्यांच्या लेन्समध्येच शटर असतं ते कॅमेरे या कोंडीतून बरेचसे सुटतात, कारण पाकळ्यांचं शटर फ्लॅशबरोबर पुष्कळ वरच्या वेगापर्यंत चालतं. पण या शटरचा वेग उघड्या अपर्चरला मर्यादित राहतो, म्हणून फुजीफिल्मने २०११ च्या एक्स१०० मध्ये तीन स्टॉपचा एनडी आतच बसवला होता. २०२० च्या एक्स१००व्ही मध्ये तो चार स्टॉपचा झाला. २०२३ च्या शेवटी जाहीर झालेल्या सोनीच्या ए९ थ्री मध्ये संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो आणि फ्लॅश १/८०००० पर्यंत चालतो. ही सोय सगळ्या कॅमेऱ्यांत उतरेल तेव्हा वरचा बराचसा हिशेब इतिहासजमा होईल. सध्या तरी लग्नाच्या कामावर दिसणारे बहुतेक कॅमेरे दोन पडद्यांचेच आहेत.

व्हिडिओत एनडीला पर्याय जवळजवळ नाहीच. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० ठेवण्याची रीत आहे, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये हालचालीची थोडी पुसट छटा राहते आणि चाल डोळ्याला सहज वाटते. १/३२०० वर घेतलेल्या व्हिडिओत वरातीतला नाच तुटक तुटक, झटके दिल्यासारखा दिसतो. एफ/२.८, आयएसओ १०० आणि ऊन असेल तर १/३२०० पासून १/५० पर्यंत यायला सहा स्टॉप लागतात. लॉग प्रोफाइलमध्ये शूट करणाऱ्यांच्या कॅमेऱ्याचा किमान आयएसओ अनेकदा ८०० असतो, तिथे आणखी तीन, एकूण नऊ. शिवाय व्हिडिओवाला मंडपातून उन्हात आणि उन्हातून मंडपात सतत ये-जा करत असतो. सहा स्टॉपचा फिल्टर हॉलमध्ये तसाच राहिला तर आयएसओ ८०० च्या जागी ५१२०० लागेल. प्रत्येक वेळी आटे फिरवत बसायला वेळ नसतो, म्हणून तिथे बदलता एनडी, म्हणजे व्हेरिएबल एनडी, चालतो.

त्याच्या आत दोन पोलरायझर असतात, एक स्थिर आणि एक फिरणारा. दोघांचे अक्ष समांतर असले की सगळ्यात जास्त प्रकाश जातो, काटकोनात आले की जवळजवळ काहीच जात नाही. मधल्या कोनांना किती जाईल हे एत्येन-लुई मालूस या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाने ठरतं: कोनाच्या कोसाइनचा वर्ग. समांतर स्थितीपासून पहिला स्टॉप कमी करायला कडं ४५ अंश फिरवावं लागतं, दुसऱ्यासाठी आणखी १५, तिसऱ्यासाठी ९ च्या आसपास, आणि पाचवा स्टॉप तर जेमतेम चार अंशांत येतो. कड्याच्या टोकाला किंचित हात लागला तरी उजेड एकदम का बदलतो, त्याचं कारण हे. वाइड लेन्सवर अशा टोकाच्या स्थितीत चित्रावर काळसर फुलीही उमटते, कारण तिरक्या येणाऱ्या किरणांसाठी पोलरायझरांचे अक्ष कोनाने तेवढेच राहत नाहीत. म्हणून चांगल्या फिल्टरच्या कड्याला दोन्ही टोकांना अडकाठी दिलेली असते.

फोटोसाठी मात्र मी बदलता एनडी सहसा सुचवणार नाही. पोलरायझर असल्यामुळे तो पृष्ठभागावरची चमक कमी-जास्त करतो, आणि कडं फिरवलं की हा परिणामही फिरतो. घामेजलेल्या कपाळावरची आणि गालावरची चमक एका फोटोत असते, पुढच्यात नाहीशी होते आणि त्वचा मातकट दिसते. धातूच्या जरीवर हा परिणाम कमी होतो, रेशमावर जास्त, त्यामुळे पैठणीचा काठ आणि अंग यांचं नातं फोटोगणिक बदलतं. अल्बममध्ये शेजारी लावलेल्या दोन फोटोंत हे लगेच कळतं. काही सिने कॅमेऱ्यांत, जसं २०२० च्या सोनी एफएक्स६ मध्ये, विजेवर बदलणारा एनडी आतच असतो, दोन ते सात स्टॉपपर्यंत, आणि त्याला हा त्रास नाही.

रंगाचा प्रश्न स्थिर फिल्टरलाही सुटत नाही. 'न्यूट्रल' हे ध्येय आहे, तिथे पोचणं काचेच्या आणि लेपाच्या दर्जावर अवलंबून. स्वस्त फिल्टर हिरवट किंवा तपकिरी झाक देतात. हळदीच्या कार्यक्रमात ती सगळ्यात आधी उघडी पडते, कारण हळदीचा पिवळा थोडासा हिरव्याकडे झुकला तरी त्वचा आजारी दिसते. तपासणी घरी करता येते. उन्हात एक पांढरा कागद ठेवावा, व्हाइट बॅलन्स ठरावीक आकड्यावर बांधून फिल्टरशिवाय एक फोटो, मग फिल्टर लावून शटर तेवढ्या स्टॉपने मंद करून दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की झाकही कळते आणि फिल्टर खरंच सहा स्टॉपचा आहे की साडेपाचचा, हेही कळतं. सगळीकडे सारखी झाक असेल तर फिल्टर लावूनच कस्टम व्हाइट बॅलन्स घेतला की ती जाते. रॉमध्ये शूट केलं तर नंतरही काढता येते.

एक झाक मात्र व्हाइट बॅलन्सने जात नाही, इन्फ्रारेडची. साधा एनडी दिसणारा प्रकाश अडवतो, पण त्यापलीकडचा इन्फ्रारेड बराचसा सोडतो. सेन्सरवर इन्फ्रारेड अडवणारी काच असते, तरी थोडा झिरपतोच. दिसणारा प्रकाश ६४ पट कमी झाला की हा झिरपलेला भाग तुलनेने मोठा होतो. कृत्रिम धाग्याचं काळं कापड इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतं, त्यामुळे पाहुण्यांचे काळे सूट मरून-तपकिरी दिसायला लागतात, आणि शेजारचे सुती कपडे ठीक असतात. एकाच दुरुस्तीने सगळं सुधारता येत नाही ते यामुळेच. तीन स्टॉपला हे सहसा जाणवत नाही. सहा आणि त्यापुढे इन्फ्रारेडही अडवणारा, 'आयआर एनडी' म्हणून विकला जाणारा फिल्टर घ्यावा.

फोकसची भीती बऱ्याच जणांना वाटते, ती बहुतांशी निराधार आहे. उन्हाचा उजेड एक्स्पोजर व्हॅल्यूच्या मापाने १५ असतो. सहा स्टॉप वजा केले तरी ९ उरतात, म्हणजे घरातल्या रात्रीच्या दिव्यांपेक्षा बराच जास्त. आजच्या कॅमेऱ्यांची ऑटोफोकस यंत्रणा शून्याच्याही खाली काम करते. अडचण येते ती डीएसएलआरच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, आणि तीही कॅमेऱ्यापेक्षा डोळ्याला: भर उन्हात उभं राहून चौसष्टाव्या भागाच्या उजेडात भाव ओळखणं कठीण जातं. तिथे लाइव्ह व्ह्यू वापरावा. मिररलेसचा व्ह्यूफाइंडर उजेड स्वतःच वाढवून दाखवतो.

खरेदी करताना आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या तोंडाच्या लेन्सचं माप धरावं, बहुधा ७७ किंवा ८२ मिमी, आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंगा घ्याव्यात. एकच चांगला फिल्टर सगळीकडे चालतो. रिंग लावल्यावर लेन्सचं हूड बसत नाही, तेव्हा सूर्य समोरच्या बाजूला असेल तर मदतनिसाने हाताने किंवा छत्रीने लेन्सवर सावली धरावी. आधीपासून यूव्ही फिल्टर चढवलेला असेल तर तो काढूनच एनडी लावावा. दोन काचांमध्ये उजेड इकडून तिकडे आपटत राहिला की चित्रावर पांढुरका पडदा येतो. आणि एनडी डोळ्याला लावून सूर्याकडे कधीही पाहू नये, ग्रहणातही नाही. उजेड मंद वाटला तरी इन्फ्रारेड आत जात राहतो आणि डोळ्याला कळायच्या आत इजा होते.

उन्हात तापलेल्या लेन्सवर फिल्टर कधी कधी इतका घट्ट बसतो की निघत नाही. दोन बोटांनी जोर लावला की कडं दाबलं जाऊन किंचित लंबगोल होतं आणि आटे आणखी अडकतात. कड्याभोवती एक रुंद रबरबँड चढवून पाचही बोटांनी चौफेर सारखा, हलका दाब देत फिरवलं की ते सुटतं. रिंग पितळेची असेल तर ही वेळ क्वचितच येते; ॲल्युमिनियमची रिंग जास्त चिकटते, म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी पितळेचीच घ्यावी.